बत्तिसावा शिपाई

माणसांसमोर बोलायची मला लहानपणापासून भीती. भुताखेतांची मात्र कधी वाटली नाही. आमच्या गावाकडे जंगल पार घरांपर्यंत आलेलं. कुणाला चिंचेखाली बाई दिसायची, कुणाला नाल्यावर हाक ऐकू यायची... माझे बाबा सुतार होते. ते म्हणायचे, "लाकूड वाळताना आवाज करते, पोरी. लोक त्यालेच भूत म्हणतात." मला ते पटलेलं होतं. आजही पुष्कळसं पटतं.

तरी हे लिहायला बसले आहे. आमच्या स्टुडिओत एक मासिक येतं, त्यात लोक आपले असे अनुभव पाठवतात. दुपारी मी ते वाचते आणि बरेचदा हसते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे हे लिहून झाल्यावर पाठवायचा धीर होईल असं वाटत नाही. बहुतेक ही वही धान्याच्या कोठीमागेच राहील. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं, एक शब्द वाढवायचा नाही, एवढं ठरवलं आहे.

आम्ही ब्रह्मपुरीला राहतो, चांदा जिल्ह्यात. बाजाराच्या रस्त्यावर समोर यांचा — म्हणजे माझ्या मालकांचा — फोटो स्टुडिओ, मागे घर, मध्ये एक पडदा. पडद्याच्या या बाजूला बसून मी फोटोंना रंग भरते. ओठ, कुंकू, लुगड्याचे काठ. गिऱ्हाइकांना वाटतं हे सगळं तेच करतात, आणि मला ते बरं वाटतं.

आता शिपायांचं सांगते. आमच्या गल्लीत रहीमचाचांचं जुन्या सामानाचं दुकान आहे. गोरे साहेब देश सोडून गेले तेव्हा जंगलातल्या बंगल्यांमधल्या खुर्च्या, कंदील, तसबिरी अशा कितीतरी वस्तू त्यांच्याकडे आल्या. त्यातच एक पत्र्याचा डबा होता. आत शिशाचे शिपाई, बोटाएवढे, लाल कोटाचे, डोक्यावर अस्वलाच्या कातड्यासारख्या उंच टोप्या.

"बेटी, ही पलटन घेऊन जाय," चाचा म्हणाले. "लढाई संपली, आता यायले कोणी नौकरी देत नाई."

त्या डब्यात अकरा होते. पुढे चाचांना कुठे चिमूरकडे, कुठे सिरोंच्याकडे एखाददुसरा मिळाला की ते आठवणीनं माझ्यासाठी ठेवत. असे करत एकतीस झाले. काही उभे, काही चालणारे, सहा जण गुडघा टेकून बंदूक रोखलेले. बसलेला त्यात एकही नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

मी त्यांना राखेनं घासायची, रंग उडाला असेल तिथे फोटोचाच रंग लावायची. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगत, "बाकीच्यायच्या सुना लेकरं न्हाऊ घालतात, आमची शिपाई न्हाऊ घालते!" लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बोलणं लागायचं. पण शिपाई न्हाऊ घालत होते हेही खरंच, म्हणून मलाही हसू यायचं.

मग यांनी त्यांचा जुना डबा कॅमेरा मला दिला. जवळची वस्तू त्यात धूसर येते, म्हणून सासऱ्यांच्या फुटक्या चष्म्याची एक काच त्याच्या तोंडावर मेणानं चिकटवली. मग काय... आरशाच्या तुकड्याची नदी, गवताच्या काड्यांचा बांबू, राखेचा डोंगर, आणि त्यात माझी पलटन. फोटो पाहिला तर खरंच माणसं उभी आहेत असं वाटायचं. जी बाई एकटी बाजारात जात नाही, तिनं एवढा मुलूख मांडलेला!

एवढ्या बारीक कामाला कॅमेऱ्याचं झाकण — शटर — हातानं उघडून वीस अंक मोजायचे आणि बंद करायचं. यांनी मला एकच गोष्ट शिकवली. "कॅमेऱ्याले घाई समजत नाई. जे हलते ते पुसल्या जाते. जे थांबते तेच उमटते."

माझा एक मोठा भाऊ होता, नारायणदादा. होता म्हणावं की आहे म्हणावं, हाच तर आमच्या घरचा प्रश्न होता. लढाईच्या दिवसांत तो फौजेत गेला. खेचरांच्या तुकडीत होता. ब्रह्मदेशातून त्याचं एक पत्र आलं. "इथं आपल्यासारखाच बांबू आहे. नदी आहे, पण पाणी आपल्या वैनगंगेपेक्षा काळं. खेचरं बैलांपेक्षा शहाणी आहेत." बस, एवढंच. नंतर सरकारी कागद आला, की बेपत्ता. मेला असं कुणीच लिहिलं नाही.

दादाच्या हाताबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडाचे बैल सजवून दारोदार फिरवतात. आमच्या भागातले निम्मे बैल दादाच्या हातचे. डावा पाय दुमडून, उजवा लांब पसरून, डोक्याला फडकं बांधून तो मान खाली घालून कोरत बसायचा. पण बैलाचे डोळे मात्र तो स्वतः काढत नसे. लग्न होऊन गिरिजावहिनी घरात आली तेव्हापासून ते काम तिचं. तार चुलीत लाल करायची आणि एकेक ठिपका डागायचा. वहिनीचा हात कधी चुकला नाही. आणि आमच्या घरची रीत अशी, की डोळे काढले की बैल जागा होतो, मग त्याला आत लपवायचं नाही, दारात उभा करायचा.

मागच्या वर्षी दादा जाऊन बारा वर्षं पूर्ण झाली. बारा वर्षं खबर नसलेल्या माणसाचा पळसविधी करतात. पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो माणूस गेला असं धरतात. माझी माय त्यासाठी अडून बसली होती. ती खूप थकली होती. तिला एकच दिसत होतं, की तिचा लेक बारा वर्षं पाण्याविना भटकतो आहे. आणि वहिनी तयार नव्हती.

वैशाखात मी माहेरी गेले. आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, ब्रह्मपुरीहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. वहिनीनं पत्रातून निरोप पाठवला होता — कॅमेरा आणि शिपाई घेऊन ये.

मी पोचल्यावर ती मला घरामागच्या बाडीत घेऊन गेली. "बाई, एक करान का?" मी तिच्यापेक्षा लहान, पण नणंद म्हणून ती मला बाईच म्हणते. "पानाचा पुतळा करून राह्यले म्हणतात. त्या पुतळ्याकडे पाहून मी काय आठवू? ते जिथी हरवले ती जागा मले मांडून दाखवा. कशी असन तशी."

"मी कुठी पाह्यली व ती जागा, वहिनी?"

"मी तरी कुठी पाह्यली? मांडा तुम्ही."

विहीर आणि मोहाचं झाड यांच्या मधे दोन हात जागा सारवून घेतली. काळं पाणी म्हणून आरशाला मागून काजळी लावली. गवताच्या काड्या रोवल्या. इथवर पत्रातलं होतं. पुढचं मात्र कुठून आलं, मला सांगता येत नाही. मोहाचं एक वाकडं मूळ पडलेलं होतं, ते झाड म्हणून मी पाण्यावर ओणवं लावलं, गाय पाणी प्यायला वाकते तसं. सरळ उभं करून पाहिलं, तर चुकीचं वाटलं. शेजारी एक पांढराशुभ्र गोटा ठेवला. तो काढून पाहिला आणि परत ठेवला. एकतीस शिपाई मागे रांगेनं उभे केले. झाडाखालची जागा रिकामीच ठेवली.

कॅमेरा विटेवर ठेवला, शटर उघडलं, आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन...

"शांते! पाहुणे आले, च्या मांड!" मायची हाक.

मी तशीच उठले. वीसच्या आत परत येऊ असं वाटलं असावं. ओसरीवर जाऊन पाहते तर मामा, महाराज आणि आरमोरीहून वहिनीचे वडील. पळसविधीचा दिवस ठरवायला आले होते. चहा दिला आणि वळले, तर मायनं माझा पदर धरला. "बस इथीच."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, माझा कॅमेरा उघडा आहे, आलेच. मला तेवढंही जमलं नाही. तीन पुरुषांसमोर माझं तोंड उघडत नाही. मी खाली मान घालून बसून राहिले.

"बारा वर्षं झाले, आता किती दिवस थांबायचं?" मामा म्हणत होते.

"माह्या लेकराले कोणी पाण्याचा थेंब नाई देल्ला," माय म्हणाली. "मी मेल्यावर कोण देईन?"

वहिनी दारामागे उभी होती. "अन् मी बारा वर्षं कुंकू लावून राह्यली, ते खोटं होतं का मग?"

"खोटं कोण म्हणते, गिरिजे?" तिचे वडील म्हणाले. "पण कुठी तरी मिटवा लागते नं, बाप्पा."

"मिटवा तुम्ही. पानाच्या पुतळ्याले माहा नवरा म्हणून मी नाई जाळू देत."

महाराजांनी पंचांग उघडलं, बोटं मोजली, येणारी अमावास्या सांगितली. मामांनी मान हलवली. ठरलं. मला रडू येत होतं, आणि तशातही मनात तेच चाललं होतं — शटर उघडं आहे, शटर उघडं आहे.

सुटका झाली तेव्हा दीड तास तरी गेला असेल. बाडीत धावत गेले. ऊन सरकून थेट माझ्या मांडणीवर आलं होतं. कोंबडी नदीकाठानं फिरून गेलेली, तिच्या पायांचे ठसे पडलेले, दोन शिपाई पालथे. वाऱ्यानं गवत आडवं झालेलं. मी शटर बंद केलं. फोटो गेला, हे समजलंच होतं. पण दुसरा काढायला मन होईना. तेवढा एकच रोल घेऊन परत ब्रह्मपुरीला आले.

"दीड तास?" हे हसायला लागले. "कोळसा निघन कोळसा! निगेटिव्ह काळंठिक्कर."

ते अंधारखोलीत गेले. मी बाहेर तांदूळ निवडत होते. बराच वेळ गेला. मग ते ओलं निगेटिव्ह दोन बोटांत धरून बाहेर आले आणि माझ्यासमोर उजेडात धरलं.

स्वच्छ होतं. काड्यांचं पानन् पान दिसत होतं. वारा नव्हताच जणू. कोंबडीचे ठसे नव्हते. पालथे पडलेले दोन शिपाई उभे होते.

दुसऱ्या दिवशी उन्हावर प्रिंट काढला. यांनी भिंग घेतलं आणि शिपाई मोजले. परत मोजले.

"एखादा मातीचा करून बसवला होता का तू?"

"नाही."

"मग बत्तीस काऊन?"

ओणव्या झाडाखाली, पांढऱ्या गोट्याशेजारी एक जण बसला होता. डोक्यावर उंच टोपी नाही, फडकं बांधलेलं. चेहरा खाली, म्हणून दिसत नव्हता. हातात काहीतरी होतं. बाकीचे शिपाई शिशाचे आहेत हे फोटोत कळतं, त्यांना ती चकाकी असते. याला नव्हती.

यांचा अशा गोष्टींवर माझ्याहून कमी विश्वास. त्यांनी तोच कॅमेरा, तीच काच घेतली, आमच्या अंगणात तशीच मांडणी करून बरोबर दीड तास शटर उघडं ठेवलं. निगेटिव्ह काळंठिक्कर आलं. दुसऱ्यांदा केलं. तसंच. मग त्यांनी तो विषय बंद केला, पण फोटो मोठा करून, चौकटीत घालून माझ्या हातात दिला. एक प्रिंट स्टुडिओच्या भिंतीवर लावला, कोपऱ्यात.

मी फोटो घेऊन गावी गेले. वहिनी चुलीसमोर होती. तिनं हात पुसले, फोटो घेतला, आणि शिपायांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं बोट सरळ त्या झाडाखाली गेलं.

"बैल कोरून राह्यले ते."

मग मलाही दिसलं. डावा पाय दुमडलेला, उजवा पसरलेला. इतके दिवस भिंगातून बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नाही... देवळात एकदम घंटा वाजावी तसं काहीतरी झालं.

पण पुढे जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. वहिनी उठून उभी राहिली, मायकडे वळली. "जित्ते आहेत! आत्या, जित्ते आहेत! हे पाहा, बसले आहेत!"

मायनं फोटो हातात घेतला. तिला नीट दिसत नाही. तिनं काचेवरून नुसता हात फिरवला, फोटो खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मामा आले ते माझ्यावरच धावून. "शिश्याचे बाहुले घेऊन खेळ तू आपल्या घरी! इथी कायले आग लावाले आणली? ते पोट्टी आता अमावास्येले उंबऱ्यात आडवी पडन. अन् ही म्हातारी तोवर वाचन का?"

मी परत आले. माझ्यामुळे एक बाई खोट्या आशेवर बसली होती आणि दुसरी अन्न सोडून. शिपाई डब्यात भरले, डबा कोठीमागे टाकला. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असं ठरवलं.

अमावास्येला पाच दिवस होते. सकाळची वेळ होती. स्टुडिओत एक माणूस आला, पेन्शनच्या कागदाला फोटो हवा म्हणून. हे त्याला खुर्चीवर बसवत होते. मी पडद्यामागून ऐकत होते. गडचिरोलीच्याही पुढून, जंगलातून आला होता, मडावी नाव. हे म्हणाले, "हां, हलू नका." आणि तो माणूस उठूनच उभा राहिला.

"भाऊ, हलू नका म्हटलं नं!"

"हा फोटो कोणी काढला?" त्याचा आवाज कसातरीच झाला होता. "इथी कोण गेलं होतं?"

"तो का? तो खेळण्यातला आहे, हो. आमच्या मंडळीनं मांडला."

"खेळण्यातला कसा होईन? हे टोपीवाले कोण आहेत मले मालूम नाई, असे अस्वलाच्या डोस्क्याचे शिपाई आम्ही नाई पाह्यले. पण हे झाड... हे असंच होतं, पाण्यावर पडलेलं. या पांढऱ्या गोट्यावर आम्ही कपडे धूत होतो. अन् हा... हा मिस्त्री आहे."

मी पडदा बाजूला केला. परक्या माणसासमोर अशी बाहेर येण्याची माझी ती पहिलीच वेळ. माझ्या डोक्यावर पदर होता की नाही तेही आठवत नाही.

"मडावीभाऊ, मिस्त्री कोण?"

"आमच्या तुकडीत एक सुतार होता, बाई. नारायण. आम्ही मिस्त्रीच म्हणत होतो त्याले."

"त्याचं घर तुम्ही का नाही शोधलं?" मी जवळजवळ ओरडले.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "नाव नारायण, गाव वैनगंगेच्या काठी, येवढंच मालूम. वैनगंगा लय लंबी आहे, बाई. दोन सालं भटकलो मी."

त्यानं जे सांगितलं ते असं. माघार चालली होती. दादाला ताप भरला, पाय उचलेना. नदीकाठच्या त्या झाडाखाली मडावीनं त्याला बसवलं. बाकीचे पुढे गेले, हा थांबला. दिवसभर दादा चाकूनं एक लाकूड कोरत बसला. उजाडता उजाडता गेला. मडावीनं त्याला तिथेच, झाडाखाली पुरलं. पुढे तो स्वतः पकडला गेला. ज्या सुभेदाराला त्यानं हे सांगितलं होतं, तोही परत आला नाही.

"चला माझ्यासोबत," मी म्हटलं. हे माझ्याकडे बघतच राहिले.

मडावीभाऊ म्हणाले, "आधी मले घरी जाऊन या लागन. त्याची एक वस्तू आहे माह्यापाशी."

अमावास्येच्या आदल्या दिवशी, दुपारी, ते आमच्या गावी पोचले. मी आधीच जाऊन थांबले होते. ओसरीवर माय, मामा, वहिनीचे वडील. वहिनी दारात. मडावीभाऊंनी सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, खाली बघून. माय पदरानं डोळे पुसत होती.

वहिनीनं एकच विचारलं. "एकटे होते का ते?"

"नाई बाई. मी होतो नं. अन् त्याचं खेचर होतं. ते हालतच नव्हतं तिथून."

मग त्यांनी कमरेचं फडकं सोडलं. आत मुठीएवढा बैल होता. लाकूड आमच्याकडचं नव्हे, तांबूस, बारीक रेघांचं. शिंगं, वशिंड, शेपटी, सगळं दादाच्या हाताचं. फक्त डोळे नव्हते.

"मी त्याले म्हटलं, मिस्त्री, डोळे काऊन नाई काढत? हे आंधळं जनावर कुठी जाईन? तं म्हणे, ते माहं काम नाई. ते काम घरी आहे."

वहिनीनं बैल घेतला आणि आत गेली. आम्हाला वाटलं ती आता पडून रडेल. पण चुलीत फुंकणीचा आवाज आला. मी दारातून पाहिलं. तिनं तार निखाऱ्यात धरली होती, लाल होईपर्यंत. बारा वर्षांत तिनं हे काम केलं नव्हतं. तिनं बैल गुडघ्यावर धरला, एक ठिपका दिला. पुन्हा तार तापवली, दुसरा दिला. धुराची बारीक रेघ वर गेली, आणि घरात एक वास पसरला. आम्हा कुणालाच माहीत नसलेल्या लाकडाचा वास. हात जरासुद्धा चुकला नाही.

मग ती बाहेर आली, सगळ्यांच्या मधून गेली आणि बैल दारात, रस्त्याकडे तोंड करून उभा केला.

"आत्या," ती मायला म्हणाली, "उद्या करा. पळसाची पानं मी आणीन."

आणि खरंच, पहाटे जंगलात जाऊन तिनं पानं तोडून आणली. कुणाला हात लावू दिला नाही. पुतळाही तिनंच मांडला. महाराज सांगत होते तसे हातपाय लावत गेली, फक्त एका ठिकाणी तिनं ऐकलं नाही. डावा पाय दुमडला, उजवा पसरला. महाराज काही बोलायला गेले, मामांनी त्यांचा हात दाबला. त्या संध्याकाळी माय पोटभर जेवली.

हे सगळं होऊन वर्ष होत आलं. मामा आता मला काही म्हणत नाहीत. गेल्या पोळ्याला माझ्यासाठी त्यांनी एक शिपाई पाठवला, हात तुटलेला, कुठून मिळाला देव जाणे. तो मी वेगळ्या डबीत ठेवला आहे. जुन्या डब्यातले एकतीस ते एकतीसच राहू द्यावेत असं वाटतं.

मी बाबांची लेक आहे, म्हणून कारण शोधत राहते. दादाचं पत्र वाचून मन आपोआप जागा रचतं म्हणावं, तर त्यात ना झाड होतं, ना गोटा. प्रिंटवर डाग पडला म्हणावं, तर डागाला बैल कोरता येत नाही. दीड तास उघडा राहिलेला फोटो जळायलाच हवा होता. यांनी चांद्याच्या एका मोठ्या फोटोग्राफरला निगेटिव्ह दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि चहा मागवला.

फोटो आता वहिनीच्या खोलीत आहे. गेले की मी मोजते. डब्यात एकतीस, फोटोत बत्तीस. यांनीच मला शिकवलं होतं, जे थांबतं तेच उमटतं. त्या दिवशी दीड तास मी ओसरीवर मान खाली घालून बसले होते, बाकीचे त्याला मेलेला ठरवत होते, आणि मागे बाडीत तो जागचा न हलता कोरत बसला होता.

मी तिथेच बसले असते, वीस मोजून शटर बंद केलं असतं, तर तो दिसला असता का... हे मात्र मला कुणीच सांगू शकत नाही.